जेट विमानाचे सुकाणू आणि वैमानिकाचा हात

धावत्या आगगाडीच्या खिडकीपाशी बसलेले मूल तळहात बाहेर काढते आणि वडीलधारी माणसे त्याला लगेच रागावतात. रागावणे योग्यच आहे. परंतु तेवढ्या क्षणात मुलाच्या हाताला जे कळलेले असते, तो विमानविद्येचा पहिला पाठ होय. तळहात जमिनीशी समांतर धरला तर वारा त्याच्या वरून व खालून सरळ निघून जातो. अंगठ्याकडची कड किंचित वर केली की हात वर फेकला जातो. तीच कड खाली झुकवली की हात खाली दाबला जातो. गाडीने वेग घेतला असेल तर हात त्या कोनात धरून ठेवण्यास पुष्कळ जोर लागतो. आणि गाडी स्टेशनात शिरताना मंदावली की कोन कितीही बदलला तरी हाताला काहीच होत नाही.

विमान आकाशात वळते, चढते आणि उतरते ते याच तत्त्वावर. त्याच्या पंखांना व शेपटीला मागच्या कडेस बिजागरीवर हलणाऱ्या फळ्या जोडलेल्या असतात. फळी थोडी वर किंवा खाली झाली की तेथून वाहणाऱ्या हवेची दिशा बदलते, हवा उलट रेटा देते आणि त्या रेट्याने सबंध विमान फिरते. या फळ्या विमानाच्या अगदी टोकांना असतात, यालाही कारण आहे. दार ढकलताना आपण बिजागरीजवळ हात लावीत नाही, दूरच्या कडेला लावतो. म्हणजे थोड्या जोरात काम होते. विमानाच्या शेपटीचे आणि पंखांच्या टोकांचे तसेच आहे.

अशा फळ्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. शेपटीच्या आडव्या भागावरील फळीस एलिव्हेटर म्हणतात. वैमानिकाने दांडा स्वतःकडे ओढला की ही फळी वर होते, हवा शेपटीला खाली दाबते आणि विमानाचे नाक वर उचलले जाते. एलिव्हेटर विमानाला उचलतो, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. एलिव्हेटर फक्त विमानाचा कोन बदलतो. उचलण्याचे काम पंखच करतात. शेपटीच्या उभ्या भागावरील फळी म्हणजे रडर. कोकणच्या व गोव्याच्या किनाऱ्यावरील कोणाही तांडेलाला तिची ओळख करून द्यावी लागणार नाही. ते गलबताचे सुकाणूच आहे, आणि वैमानिक ते पायांनी चालवितो. तिसरी जोडी पंखांवर असते. तिला एलेरॉन म्हणतात. एका पंखावरचा एलेरॉन वर जातो तेव्हा दुसऱ्या पंखावरचा खाली येतो. एक पंख खाली झुकतो, दुसरा वर उचलला जातो आणि विमान कुशीवर कलते.

गलबत केवळ सुकाणूने वळते, विमान मात्र तसे वळत नाही. सायकलस्वार वळणावर अंग आत झुकवितो, त्याप्रमाणे विमानाला कुशीवर कलावे लागते. कलले म्हणजे पंखांच्या उचलीचा काही भाग बाजूला ओढू लागतो आणि विमान त्या बाजूला वळते. रडरचे काम वळण नीट राखण्याचे, नाक भलतीकडे जाऊ न देण्याचे असते.

ही रचना जेटपूर्व विमानांतही होती. १९४९ पासून मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघून मध्यरात्री नागपूरच्या विमानतळावर एकत्र येणारी टपालाची डाकोटा विमाने अशाच फळ्यांवर चालत. वैमानिकाच्या दांड्यापासून शेपटीपर्यंत पोलादी तारा कप्प्यांवरून नेलेल्या असत. वैमानिक तार ओढी आणि फळी हले. वाऱ्याचा जोर वाढला की तोच जोर तारेतून परत येऊन वैमानिकाच्या मनगटाला कळे. हात जड झाला म्हणजे गती वाढली. दांडा सैल लागला म्हणजे गती धोकादायक इतकी कमी झाली. घड्याळाच्या तबकड्यांसारखी उपकरणे समोर होतीच. परंतु कसलेला वैमानिक त्यांच्याइतकाच आपल्या हातावर विश्वास ठेवी.

जेट विमाने आली आणि हा हिशेब विसकटला. हवेचा रेटा गतीच्या प्रमाणात वाढत नाही, गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. डाकोटाची नेहमीची गती तासाला सुमारे ३०० किलोमीटर होती. एकाच उंचीवर, त्याच हवेत गती अडीचपट झाली तर रेटा सहापटीहून अधिक होतो. शिवाय विमान मोठे झाले की फळ्याही मोठ्या होतात. फळीची लांबी-रुंदी दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होते, आणि रुंदी वाढल्यामुळे रेटा बिजागरीपासून दुप्पट अंतरावर पडतो; म्हणजे फळी फिरविण्यास आठपट जोर लागतो. चाळीस हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे पाव असते, त्यामुळे तेथे हा भार काहीसा हलका होतो हे खरे. परंतु तेच विमान काही वेळाने विरळ हवेतून दाट हवेत उतरते आणि मंद गतीने धावपट्टीवर टेकते. एवढ्या निरनिराळ्या परिस्थितींत एकाच माणसाच्या दोन हातांना पुरून उरेल अशी व्यवस्था कशी करावी, हा प्रश्न होता.

ब्रिटनमधील डी हॅविलंड कंपनीने याला एक सरळ उत्तर दिले. त्यांचे कॉमेट विमान २७ जुलै १९४९ रोजी प्रथम उडाले आणि २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग या मार्गावर उतारूंना घेऊन जाऊ लागले. जेट विमानाने केलेली ही जगातील पहिली नियमित प्रवासी वाहतूक. कॉमेटच्या फळ्या हलविण्याचे काम वैमानिकाच्या हाताकडे ठेवलेच नव्हते. ते तेलाच्या दाबावर सोपविले होते. पंप तेलाला मोठ्या दाबाखाली ठेवी. वैमानिकाने दांडा हलविला की एक झडप उघडे, दाबाखालील तेल नळकांड्यात शिरे, त्यातील दट्ट्या सरके आणि फळी हले. वैमानिकाने फक्त झडप उघडावयाची. बाकीचे काम तेलाने करावयाचे.

ही योजना बलवान होती, पण तिच्यात एक उणीव होती. ती समजण्यासाठी न्हाणीघरातील नळाचे उदाहरण पुरेल. गच्चीवरील टाकी काठोकाठ भरली आहे की तळाला गेली आहे, हे नळाची चावी फिरविणाऱ्या बोटांना कळत नाही. चावी दोन्ही वेळा सारखीच फिरते. कॉमेटच्या वैमानिकाचे असेच झाले. वाऱ्याचा रेटा तेलाने झेलला आणि तेथेच अडविला. तो दांड्यापर्यंत परत येईना. गतीप्रमाणे वाढत जाणारा विरोध दांड्याला राहिला नाही. मंद गतीत दांडा जेवढ्या सहजपणे ओढता येई, तेवढ्याच सहजपणे तो वेगातही ओढता येई. आणि वेगात तेवढ्याच ओढीने विमानाच्या सांगाड्यावर कितीतरी पट अधिक ताण पडे.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी रोमच्या चांपिनो विमानतळावर एक कॉमेट धावपट्टीवरून उठूच शकले नाही. नाक प्रमाणाबाहेर वर उचलले गेले होते. पंखांचा कोन फार वाढला की उचल वाढण्याऐवजी विरोध वाढतो. विमान धावत राहते, पण उडण्याइतकी गती त्याला येत नाही. त्या वेळी जीवितहानी झाली नाही. ३ मार्च १९५३ रोजी कराचीत दुसऱ्या कॉमेटच्या बाबतीत तसेच घडले आणि विमानातील सर्व ११ जण मृत्यू पावले. पुढे पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलण्यात आला. एलिव्हेटर विमानाला उचलीत नाही, फक्त कोन बदलतो, हा पाठ्यपुस्तकातील भेद किती जीवघेणा ठरू शकतो, हे या दोन अपघातांनी दाखवून दिले.

त्यानंतरचा अपघात भारतात झाला. २ मे १९५३ रोजी, म्हणजे कॉमेटच्या पहिल्या वाहतुकीला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, सिंगापूरहून लंडनला निघालेले विमान कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून दिल्लीकडे उडाले. तो वैशाखातील वादळांचा काळ. बंगालमध्ये या वादळांना कालबैशाखी म्हणतात. उड्डाणानंतर अवघ्या काही मिनिटांत, कलकत्त्याच्या वायव्येस, विमान वादळात सापडून हवेतच मोडले. त्यातील ४३ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

या अपघाताची चौकशी भारत सरकारने केली. वादळातून जाताना सांगाड्यावर सहन होण्यापलीकडे ताण पडला आणि विमान मोडले, असा निष्कर्ष निघाला. ताण कशाने पडला, याबद्दल दोन शक्यता मांडण्यात आल्या. एक, वाऱ्याचे अतिप्रचंड झोत. दुसरी, त्या झोतांत वैमानिकाकडून दांडा गरजेपेक्षा अधिक ओढला जाणे किंवा विमान त्याच्या ताब्यातून जाणे. दुसरी शक्यता खरी असली तरी तीत वैमानिकाला दोष देण्यासारखे थोडेच आहे. काळोख्या ढगात विमान वर-खाली आपटत असताना तो हाताने विमान सावरू पाहत होता, आणि आपण केवढा जोर लावीत आहोत हे सांगणारी जाणीव त्याच्या हातातून यंत्रानेच काढून घेतलेली होती. १९५४ साली भूमध्य समुद्रात कॉमेटचे जे दोन अपघात झाले त्यांचे कारण निराळे होते. तेथे धातू थकून सांगाडा फुटला. त्या अपघातांचा गाजावाजा इतका झाला की दमदमचा धडा सामान्य वाचकांच्या स्मरणातून मागे पडला. अभियंत्यांनी मात्र तो लक्षात ठेवला.

काढून घेतलेली जाणीव कृत्रिम रीतीने परत देणे, हा उपाय ठरला. विमानाच्या बाहेर एक बारीक नळी वाऱ्याकडे तोंड करून बसविलेली असते. गती वाढली की तिच्यातील दाब वाढतो. गतीतून उत्पन्न होणाऱ्या या दाबाला अभियंते ‘क्यू’ या अक्षराने ओळखतात. हा दाब एका यंत्राकडे नेऊन त्याच्या प्रमाणात दांड्याला विरोध उत्पन्न करावयाचा. म्हणजे गती जितकी अधिक तितका दांडा जड. वाऱ्याचा खरा रेटा हाताला लागत नाही, पण त्याची अचूक नक्कल हाताला लागते. दमदमच्या चौकशीनंतर कॉमेट विमानांत ही योजना आली. शिवाय ढगांतील वादळ आधीच दाखविणारे रडार बसविण्यात आले आणि खवळलेल्या हवेतून जाताना गती किती असावी याचे नियम अधिक कडक झाले.

अमेरिकेतील बोइंग कंपनीने दुसरी वाट धरली. तिच्या ७०७ विमानाने ऑक्टोबर १९५८ मध्ये न्यूयॉर्क–पॅरिस वाहतूक सुरू केली, आणि १९६० साली एअर इंडियाने ही विमाने घेतली. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून लंडनला व पुढे न्यूयॉर्कला जाणारे, हिमालयाच्या शिखरांची नावे धारण करणारे ते विमान अनेक श्रोत्यांनी पाहिले असेल. एवढ्या अवाढव्य विमानाचे एलिव्हेटर आणि एलेरॉन मात्र तेलाच्या दाबाने हलत नव्हते. ते हलवी वाराच.

त्याची युक्ती अशी. मोठ्या फळीच्या मागच्या कडेला आणखी एक चिमुकली फळी असते. तिला टॅब म्हणतात. वैमानिकाच्या तारा मोठ्या फळीला जोडलेल्या नसून या चिमुकल्या फळीला जोडलेल्या असतात. टॅब खाली वळली की वारा तिला वर रेटतो, आणि तिच्याबरोबर सबंध मोठी फळी वर जाते. म्हणजे टॅब ज्या बाजूला वळेल त्याच्या उलट बाजूला मोठी फळी वळते. वैमानिकाने बोटाएवढे काम करावे आणि वाऱ्याने खांद्याएवढे करावे, अशी ही व्यवस्था. अशा टॅबची कल्पना जर्मन अभियंता अँटन फ्लेटनर याच्या नावाने ओळखली जाते. तिचा मोठा लाभ असा की तेलाचा दाब नाहीसा झाला तरी या फळ्या चालत राहतात; आणि टॅबवर पडणारा वाऱ्याचा रेटा तारांतून हातापर्यंत पोहोचत असल्याने जाणीवही काही अंशी टिकते.

परंतु ७०७ च्या पंखांनी दुसरे प्रश्न निर्माण केले होते. वेगासाठी ते ३५ अंशांनी मागे वळविलेले होते आणि लांब व लवचिक होते. अशा पंखाच्या टोकाचा एलेरॉन फार वेगात खाली वळविला तर वाऱ्याचा रेटा पंखालाच पिळतो. पंखाची पुढची कड खाली झुकते आणि जो पंख वर जावयाचा तो खाली जाऊ लागतो. वैमानिकाने उजवीकडे वळावे म्हणून चक्र फिरवावे आणि विमान डावीकडे कलावे, याहून भयंकर काय असणार? बी-४७ या बोइंगच्याच लष्करी विमानावर हा अनुभव आलेला होता. म्हणून ७०७ ला प्रत्येक पंखावर दोन एलेरॉन दिले : एक टोकाकडे, एक आत, जेथे पंख जाड व ताठ असतो. उतरताना व उडताना गती कमी असते, फ्लॅप बाहेर काढलेले असतात, त्या वेळी दोन्ही एलेरॉन काम करतात. फ्लॅप आत घेतले की टोकाकडील एलेरॉन आपोआप जखडला जातो आणि वेगातील सगळे काम आतल्याकडे येते.

त्याच्या मदतीला पंखाच्या पाठीवर स्पॉइलर नावाच्या पट्ट्या असतात. या मात्र तेलाच्या दाबाने उघडतात. जो पंख खाली न्यावयाचा त्याच्या पाठीवरील पट्ट्या उभ्या राहतात, तेथील उचल बिघडवितात आणि पंख झुकतो. दोन्ही पंखांवरील पट्ट्या एकदम उघडल्या की त्याच गतिरोधकाचे काम करतात. विमान जमिनीला टेकल्यावर खिडकीतून पंखाच्या पाठीवर जी दारे उघडल्यासारखी दिसतात, त्या याच पट्ट्या. पंखांची उरलीसुरली उचल नाहीशी करून त्या सगळे वजन चाकांवर आणतात, म्हणजे ब्रेक नीट लागतात.

मागे वळलेल्या पंखांचा आणखी एक खोडकरपणा होता. वाऱ्याच्या झोताने नाक डावीकडे वळले की उजवा पंख पुढे येतो, वाऱ्याला अधिक सरळ सामोरा जातो, त्याची उचल वाढते आणि विमान डावीकडे कलते. लगेच त्याच पंखाचा विरोध आणि उभ्या शेपटीचा रेटा नाकाला परत उजवीकडे आणतो. नाक मध्यावर न थांबता पलीकडे जाते, आणि मग डाव्या पंखाची पाळी येते. पाळण्यासारखे हे झोके एकामागून एक येतात. इंग्रजीत त्यांना ‘डच रोल’ म्हणतात. बर्फावर घसरणाऱ्या हॉलंडमधील लोकांच्या डोलण्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. झोका मोडण्यासाठी वैमानिकाने पायाने रडर दाबला आणि वेळ क्षणभर चुकली, तर पाळण्याला चुकीच्या वेळी धक्का दिल्यासारखे होऊन झोका वाढतो. १९ ऑक्टोबर १९५९ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका नव्या ७०७ विमानावर वैमानिकांना हे झोके समजावून देण्याचे उड्डाण चालू होते. झोका ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेला, चारपैकी तीन इंजिने पंखांवरून उखडून पडली आणि विमान नदीकाठी कोसळले. आठपैकी चौघे मृत्युमुखी पडले.

यावरही उपाय झाले. यॉ डँपर नावाचे यंत्र भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या चक्राच्या साह्याने झोक्याची सुरुवात ओळखते आणि माणसाला जाणवण्यापूर्वीच रडर किंचित उलट वळवून झोका मोडते. ब्रिटनच्या विमान नोंदणी मंडळाचे परीक्षक वैमानिक डी. पी. डेव्हिस यांनी मात्र असा आग्रह धरला की यंत्र बंद पडले तरी विमान माणसाच्या ताब्यात राहिले पाहिजे. त्यांच्या आग्रहामुळे ७०७ ची उभी शेपटी उंच करण्यात आली, शेपटाखाली आणखी एक पाते बसविण्यात आले आणि रडरला तेलाच्या दाबाचे भरघोस साह्य मिळाले. ब्रिटनसाठी केलेला हा बदल पुढे इतर देशांतील विमानांपर्यंतही पोहोचला.

आज कॉमेट पदार्थसंग्रहालयात गेले आहे आणि एअर इंडियाच्या ताफ्यातून ७०७ केव्हाच निवृत्त झाले आहे. १९८८ साली प्रवासी वाहतुकीत आलेल्या एअरबस ए-३२० पासून पोलादी तारांची जागा बऱ्याच विमानांत विजेच्या तारांनी घेतली. वैमानिकाचा हात दांडा हलवितो, गणकयंत्र त्याचा हेतू वाचते आणि धोक्याची मर्यादा ओलांडू न देता फळ्यांना हुकूम देते. बोइंगच्या ७७७ विमानातही फळ्यांचे हुकूम विजेनेच जातात. तरी तेथे जुन्या धर्तीचा दांडा मुद्दाम ठेवलेला आहे आणि त्याला गतीप्रमाणे कृत्रिम विरोधही दिलेला आहे. वाऱ्याचा एक कणही त्या दांड्यापर्यंत येत नाही. तरीही तो हाताला जड लागतो, कारण तो तसा लागावा हे अभियंत्यांनी दमदमसारख्या अपघातांतून शिकून घेतले आहे.

विमानात खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला पंखाच्या कडेवरची फळी मधूनमधून बोटभर हलताना दिसते. ती हलली की काही क्षणांनी क्षितिज कलते, आणि बहुतेक जण पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतात. त्या बोटभर हालचालीवर सगळ्यांचे प्राण अवलंबून असतात. ती निर्धोक करण्यासाठी वैमानिकांनी आणि अभियंत्यांनी किती वर्षे खर्च केली, आणि काहींनी तीसाठी प्राणही दिले, याचे स्मरण तेवढ्या क्षणापुरते झाले तरी पुरे.